कोवळे बघून आणलेले खांब

बसा हो, चहा होतोय. तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. माझ्याच तोंडून ऐकलेली बरी, कारण सुमन, म्हणजे आमची सौभाग्यवती, हाच किस्सा सांगते तेव्हा मध्ये मध्ये माझा आवाज काढून दाखवते. आणि तो हुबेहूब निघतो!

तर आधी एक कबुली. मी भाजी फार उत्तम निवडतो. हसू नका! छत्तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात फायली सरकवल्या, त्यापायी कुणी माझं नाव काढलं असेल तर शपथ. पण आमच्या रायपुरात, तेलीबांध्याच्या बाजारात जाऊन विचारा. बोरकर बाबू दिसले की भाजीवाल्या बाया टोपलीवर आडवा हात धरतात. भेंडीचं टोक मोडून बघणार, काकडीला नख लावणार, वांग्याचा देठ वाकवून बघणार. नख आत गेलं, पाणी सुटलं, तर माल ताजा. नाही गेलं तर पुढची टोपली. आयुष्यात एवढा एकच गुण अंगी होता, आणि त्यानंच माझा घात केला.

आता गाईचं सांगतो.

सुमनचं माहेर तुमसरकडचं. घरी चार-पाच गाई. तिथून पोरगी लग्न होऊन आली ती थेट रेल्वे क्वार्टरच्या दुसऱ्या मजल्यावर. तिथं गाय कुठं बांधणार, गॅलरीत? पाकिटाचं दूध तापवताना ती रोज एकदा म्हणायची, "ह्याले काय साय म्हणतेत?" मी म्हणायचो, "रिटायर होऊ दे, तुला गाय घेऊन देतो." आता रिटायरमेंट तीस वर्षं लांब असली की माणूस हत्तीसुद्धा कबूल करतो. पण बायका विसरत नाहीत हो!

इकडे नवीन राज्य झालं, आमचं रायपूर राजधानीचं शहर झालं, आणि अभनपूरच्या बाजूला मी पूर्वी कधीतरी घेतलेला दोन एकराचा तुकडा एकदम जमीन म्हणून ओळखला जायला लागला. तिथं आम्ही दोन खोल्या बांधल्या, स्लॅबच्या. एक स्वयंपाकाची, ती सुमनची. दुसरी माझी. माझ्या खोलीत गुळगुळीत सिमेंटची फरशी, पलंग, आरामखुर्ची, ट्रान्झिस्टर. तिथं मी कुणाला मातीच्या चपला घालून येऊ देत नसे. ही खोली लक्षात ठेवा.

शेजारच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, केजाबाई नावाची एक म्हातारी राहायची. तिच्याकडे एक तांबडी गाय होती, लाली. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले, गाईचं करणं होईना. पण देणार ती चांगल्या घरीच. गाय गाभण, आषाढात विणार. सुमन दर रविवारी गुळाचा खडा घेऊन जायची आणि तासभर त्या गाईच्या गळ्याखाली खाजवत बसायची. शेवटी म्हातारीनं अट घातली.

"पहिली छानी, तेकर पाछू गाय," म्हणाली. आधी छप्पर, मग गाय. "अउ मोर लाली ला तकलीफ होही, त वापिस लेग जाहूं." म्हणजे लालीला त्रास झाला, तर परत घेऊन जाणार.

सुमन तडक घरी आली. आल्या आल्या म्हणाली, "अहो, बाकी सारं राहू द्या. एक गोठा तेवढा नीट करा. लय वर्षांनी काही मागून राहिली मी."

आता मला सांगा, यापुढे कोणता नवरा हा मामला सुताराच्या भरवशावर सोडेल? मीही नाही सोडला. तिथंच चुकलं.

आमच्या गावचा सुतार पंचूराम. सुकडा माणूस, बोलणं एकाच शब्दाचं. काहीही सांगा, म्हणणार "हव", म्हणजे हो. पण त्याच्या 'हव'चे दहा प्रकार होते, आणि ते ओळखायला मला फार उशीर लागला. त्याला घेऊन मी वैशाखात रायपूरला लाकडाच्या वखारीत गेलो. वखारीला इकडे टाल म्हणतात. मालक कांजीभाई.

आत शिरताच पंचूराम सरळ मागच्या कोपऱ्यात गेला. तिथं सरईचे जुने खांब रचले होते. सरई म्हणजे साल नावाच्या झाडाचं लाकूड. नुसते आरीतून काढलेले, रंधा नाही की काही नाही. रंग राखेचा. टोकांना अशा भेगा की बोट जाईल. एका भेगेत पालीचा संसार होता. पंचूराम उकिडवा बसला, बोटाच्या पेरानं एक खांब वाजवला. टण्! दुसरा वाजवला. टण्! लेकीचं लग्न जमल्यासारखा चेहरा झाला त्याचा.

"बाबूजी, एही ला ले लव. सुक्खा हे."

मी बघतच राहिलो. सुरकुतलेलं वांगं ज्यानं कधी घरात येऊ दिलं नाही, त्या माणसाला हा असला माल दाखवतो? मी म्हणालो, "पंचूराम, ये तो बासी है!"

गल्ल्यावर कांजीभाईंचं पेन थांबलं. उभ्या आयुष्यात त्यांच्या लाकडाला कुणी शिळं म्हटलं नसावं.

"साहब, लकड़ी में बासी क्या होता है?"

"ये दरारें देखो! रंग देखो! कब से पड़ा है?"

"चार बरस से," कांजीभाई अभिमानानं म्हणाले.

"और ऊपर से बता भी रहे हो!"

तेवढ्यात माझी नजर फाटकाकडे गेली. तिथं नुकतीच एक गाडी रिकामी झाली होती. जाडजूड, सरळसोट खांब. दोन बाजू आरीनं सपाट केलेल्या, दोन बाजूंना साल तशीच. आतून पांढरेशुभ्र, चिकट रस सुटलेला, वास असा की पालकाची जुडी नाकाशी धरावी. मी जवळ गेलो आणि सवयीनं सालीला नख लावलं.

नख आत गेलं! खाली हिरवं! पाणीसुद्धा आलं!

काय सांगू तुम्हाला, ऊर भरून आला. "ये! इसको बोलते हैं माल!"

पंचूराम आला. त्यानं पेर वाजवलं. थप्. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाजवलं. थप्.

"बाबूजी, ए मोयन हे. गिल्ला हे." मोयन हे झाडाचं नाव, आणि गिल्ला म्हणजे ओला.

"गिल्ला नहीं पंचूराम, ताजा है, ताजा!"

"हव."

कांजीभाई बिचारे सज्जन. बाड़ी म्हणजे परसबाग, तिच्या कुंपणाचा माल होता तो. म्हणाले, "साहब, ये तो लोग बाड़ी घेरने के लिए ले जाते हैं. इसके ऊपर छप्पर..."

"बाड़ी धूप-पानी में खड़ी रहती है ना? फिर? मेरे को मत सिखाओ!"

मग चाळीस वर्षं दुकानात बसलेला माणूस शहाण्या गिऱ्हाइकापुढे जे करतो तेच त्यांनी केलं. तोंड बंद केलं आणि पावतीबुक उघडलं. मी सहा खांब निवडले, एकेकाला नख लावून. आणि निघताना, सवय कुठं जाते, मी म्हणालो, "ऊपर से कुछ डालोगे कि नहीं?" भाजीवर कोथिंबीर मागतात ना, तसं! कांजीभाईंनी आनंदानं आणखी दोन खांब गाडीत टाकले. इतक्या आनंदानं का टाकतायत, असा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.

शेतावर खड्डे खणून झाले. पंचूरामनं काटक्या गोळा करून जाळ केला. मी विचारलं, हे काय? तर म्हणे खांब बुडाकडून हात-दीड हात जाळून काळा करतात, मग जमिनीत गाडतात. म्हणजे वाळवी लागत नाही.

"जलाओगे? इतना ताजा माल जलाओगे?"

"बाबूजी, जलाबो नइ त..."

"कुछ नहीं होता."

"हव." हा 'हव' जरा लांबट होता.

फक्त एका गोष्टीवर तो अडून बसला. झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा करायचा, बुड खाली, शेंडा वर. उलटा गाडणं अशुभ. मी मोठ्या मनानं म्हटलं, बरं बाबा, तुझंही एक ऐकतो. नेमकं तेवढंच ऐकलं!

खड्ड्यात मुरूम भरून ठोकला. आता रेल्वेत राहून मी बांधकामं कमी बघितली होती का? सिमेंटच्या कामावर पंधरा दिवस पाणी मारतात, तराई म्हणतात इकडे. बांधकाम म्हटलं की तराई पाहिजे, एवढं मला पाठ. म्हणून रोज सकाळी एक बादली आणि संध्याकाळी एक बादली, दर खांबाच्या बुडाशी. पंचूराम वर टिनाचे पत्रे ठोकत होता. वरून त्यानं विचारलं, "बाबूजी, लकड़ी म पानी?"

"तराई!"

हातोडीचे दोन ठोके पडले. मग वरून आलं, "हव."

जरा उजळणी करा. सालीसकट ओले खांब. बूड जाळू दिलं नाही. शेंडा वर. रोज दोन वेळा पाणी. परसात कढीपत्त्याचं एक झाड लावलेल्या माणसालाही एव्हाना पुढचं कळलं असेल. मला नाही कळलं! मी गोठ्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि नागपूरच्या साळ्याला पाठवला. मागे लिहिलं, 'स्वतः निवडलेले खांब.'

जेठात गाय आली. केजाबाई काठी टेकत आली, खांबांवरून हात फिरवला, गाईला आत सोडलं आणि वाट बघत बसली. लालीनं हुंगलं, फिरली आणि पाय दुमडून खाली बसली.

"बइठ गे," म्हातारी म्हणाली. "बने हे." म्हणजे छान आहे.

सुमननं गाईच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि पदर डोळ्यांना लावला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "चांगलं केलं तुम्ही." आमच्या संसारात हे वाक्य मी तिसऱ्यांदा ऐकलं. पहिली दोन कोणती, ते मला आठवत नाही, तिलाही नाही. पण मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

तीन आठवड्यांनी सकाळी दात घासत गोठ्यात गेलो, तर डाव्या कोपऱ्यातल्या खांबाला पान.

मला वाटलं वाऱ्यानं चिकटलं असेल. ओढलं. निघेना. जोर लावला तर देठासकट आलं आणि खाली पुन्हा तसलाच हिरवा डोळा. मी शेजारचा खांब बघितला. त्याला तीन कोंब. त्याच्या शेजारच्याला तुरा! आठही खांब, कांजीभाईंच्या कोथिंबिरीसकट, फुटले होते.

आता सरळ माणूस काय करेल? बायकोला हाक मारेल. मी काय केलं? सगळे कोंब खुडले आणि पुरावा नष्ट करायला गाईपुढे टाकले. गाईनं मिटक्या मारत खाल्ले. दुसऱ्या दिवशी दुप्पट कोंब. खुडले, गाईला घातले. रोज पहाटे उठून माझा हाच कार्यक्रम. सुमन कौतुकानं म्हणायची, "गाईची लय सेवा करून राहिले हो तुम्ही!" मी मान खाली घालायचो. तिला वाटायचं विनय.

पण गाईला चटक लागली ना! चौथ्या दिवशी मी पोचायच्या आत लालीनं स्वतःच नाश्ता सुरू केला. कोंब संपले की साल. साल सुटली की चाटणं. आणि चाटताना अंग घासणं. त्यात आणखी एक भानगड. वरून टिन तापायचं, वरचं लाकूड वाळायचं. खालून ओल, खालचं लाकूड वाढायचं. वरून म्हातारा, खालून तरुण, असा खांब सरळ कसा राहील? पिळायला लागले. एक पूर्वेकडे बघतो, एक पश्चिमेकडे. आडव्या तुळईतून खिळे बाहेर डोकावू लागले. दुपारी ऊन चढलं की सबंध गोठा कण्हायचा, कर्र... कर्र...

"काहून आवाज येऊन राहिला?" सुमन विचारायची.

"नवीन बांधकाम आहे. बसतंय."

हे वाक्य मी जवळजवळ एक आठवडा वापरलं. मग एका सकाळी मागून आवाज आला, अगदी शांत.

"अहो."

मी वळलो. माझ्या दोन्ही मुठींत पाला. सुमन एकदा पाल्याकडे बघते, एकदा खांबाकडे. गाय खांबाला मिठी मारल्यासारखी चाटतेय.

"हा खांब हिरवा होऊन राहिला का?"

"थोडासा."

"आन् गाय गोठा खाऊन राहिली?"

मी म्हणालो, "ताजा आहे ना, म्हणून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "म्हातारी नेईन न हो लालीले." एवढंच. इतका वेळ मला माझ्या अब्रूची पडली होती. त्या क्षणी पहिल्यांदा तिच्या गाईची काळजी लागली.

मी धावत पंचूरामला बोलावून आणलं. तो आला, त्यानं सगळा गोठा फिरून बघितला. मला वाटलं आता 'हव' म्हणेल. नाही म्हणाला! म्हणजे बघा किती गंभीर मामला होता. त्यानं चार ठिकाणी टेकू लावले आणि म्हणाला, "बाबूजी, दिन पूरा होवत हे, गाय ला इहां झन राखव." दिवस भरत आलेत, गाय इथं ठेवू नका.

आणि गाईनंही तोच मुहूर्त धरला. दुसऱ्याच दिवशी सकाळी, पावसाची भुरभुर चालू असताना, लाली उठ-बस करायला लागली, शेपटी वर धरून फिरायला लागली. सुमननं एका नजरेत ओळखलं. तेवढ्यात तुळईचं एक टोक सुटलं आणि दोन पत्रे धाडकन एका बाजूला लोंबले. गाय बिथरली. टेकू धरायला पंचूराम धावला. आणि पाऱ्याकडच्या वाटेवर काय दिसावं? काठी टेकत, डोक्यावर पोतं घेतलेली केजाबाई! गाय आज-उद्या विणार, हा हिशेब तिचाही होताच.

"गाईले आत घ्या!" सुमन ओरडली.

"आत कुठं?"

"तुमच्या खोलीत!"

"माझ्या... अगं फरशी..."

"पलंग काढा!"

तीस वर्षांत तिनं माझ्यावर असा आवाज चढवला नव्हता. मी पलंग काढला. आरामखुर्ची काढली. ट्रान्झिस्टर गळ्यात अडकवला. सुमननं माझी गादी मात्र काढू दिली नाही, ती तिनं फरशीवर पसरली, कारण गुळगुळीत सिमेंटवर गाय घसरते. कुणी केली होती एवढी गुळगुळीत? मीच. वर वर्तमानपत्रांचा वर्षभराचा गठ्ठा आला. मग लाली माझ्या खोलीत शिरली, चपला घालून नव्हे, पण चारही पायांना चिखल, आणि माझ्या गादीवर आडवी झाली.

तासाभरात कालवड झाली. तांबडीच, कपाळावर पांढरा ठिपका. सुमन तिथंच बसून तिला धोतरानं पुसत होती. माझ्या धोतरानं, हे सांगायला नको. रडत होती, हसत होती, माहेरच्या कुठल्या कुठल्या गाईंची नावं घेत होती.

केजाबाई दारात उभी राहिली. मी बाजूला सरलो. तिनं भिंत चाचपली. फरशी चाचपली. वर मान करून स्लॅबकडे अंदाजानं बघितलं.

"पक्का घर?"

"हव," मी म्हणालो. पहिल्यांदाच माझ्या तोंडून आलं ते.

म्हातारी उजळली. सगळ्या पाऱ्यात कुणाची गाय स्लॅबच्या घरात, गादीवर व्याली होती? "मोर लाली पक्का घर म!" म्हणत ती परत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाया बघायला यायला लागल्या. जाताना अट मात्र घालून गेली. गाय राहील तर याच खोलीत. नाही तर वापिस.

सुमननं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हव," म्हणाली.

त्या दिवसापासून आमची व्यवस्था अशी: सुमन स्वयंपाकघरात, लाली आणि तिची पोट्टी माझ्या खोलीत, आणि पंचूरामनं टेकू वाढवून सावरलेल्या गोठ्यात मी. पलंग, आरामखुर्ची, ट्रान्झिस्टर सगळं तिथंच. आषाढभर माझ्या डोक्यावर खांबांची पानं हलत होती. साळा नागपूरहून आला, म्हणाला, "भाऊजी, बगीचा छान केला!"

दिवाळीनंतर माझ्या डोक्यावरच्या छपरासाठी कांजीभाईंकडून ते जुने, भेगाळलेले, पालीचे खांब आणले. माझा शिळा माल! कांजीभाईंनी एकच विचारलं, "साहब, नाखून नहीं लगाएंगे?"

पंचूरामनं बुडं जाळली, खांब उभे केले, एकेक वाजवून बघितला. टण्. टण्. टण्. मी आरामखुर्चीत बसून बघत होतो, सुमन चहा घेऊन आली.

"पंचूराम भैया," ती म्हणाली, "इतके वाजवून राहिले, तर लगे हाथ यांचंही डोकं वाजवून पहा. साठी झाली, आता तरी वाळलं का?"

पंचूराम संकोचला. पण धर्म तो धर्म. त्यानं पुढे होऊन माझ्या टकलावर अदबीनं एक पेर मारलं. कान लावून ऐकलं. पुन्हा एक मारलं.

"नइ बाई," म्हणाला, "अभी गिल्ला हे."